दुसऱ्या गोळीचा हिशेब

नैराश्यावरील औषध पूर्णपणे निष्फळ ठरणे आणि ते अर्धवट लागू पडणे या दोन वेगळ्या गोष्टी असून, प्रत्यक्ष उपचारात दुसरी परिस्थिती फार मोठ्या प्रमाणावर आढळते. झोप सुधारते, रडू येणे कमी होते, भूक परतते. परंतु कामात चित्त लागत नाही, माणसांत मिसळावेसे वाटत नाही आणि सकाळचे पहिले काही तास ढकलावे लागतात. अशा वेळी मनोविकारतज्ज्ञ चालू औषध तसेच ठेवून त्याच्या जोडीला दुसरे औषध लिहून देतात. चिठ्ठीवरचे हे नवे नाव पाहून घरात साहजिकच शंका उभ्या राहतात: आजार वाढला का, पहिली गोळी वाया गेली का, आणि हे औषध स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना देतात असे कळते ते येथे कशासाठी दिले. या जोड-उपचाराला पन्नासहून अधिक वर्षांचा इतिहास आहे, त्याच्यामागे मोठ्या चाचण्यांतून मिळालेली आकडेवारी आहे आणि त्याची ठरावीक किंमतही आहे. त्याचा उपयोग खरा असला तरी मर्यादित आहे, आणि तो पदरात पडायचा असेल तर दुसरी गोळी सुरू करण्यापूर्वी विचारायचे प्रश्न आणि ती पुढे बंद करण्याचा बेत यांचे महत्त्व त्या गोळीपेक्षा कमी नाही.

‘औषध पुरेसे लागू पडले नाही’ हे विधान मोजता आले तरच उपयोगाचे ठरते. वैद्यकात त्यासाठी दोन संज्ञा वापरतात. लक्षणांची तीव्रता मोजणाऱ्या प्रश्नावलीतील गुण उपचारापूर्वीच्या तुलनेत निम्म्याने किंवा अधिक घटले तर त्याला ‘प्रतिसाद’ म्हणतात, आणि ते गुण निरोगी माणसाच्या पातळीपर्यंत खाली आले तर ‘लक्षणमुक्ती’. पीएचक्यू-नाईन या नऊ प्रश्नांच्या सोप्या प्रश्नावलीत मागील दोन आठवड्यांतील अवस्थेला ० ते २७ असे गुण मिळतात आणि ५ पेक्षा कमी गुण म्हणजे लक्षणमुक्ती असा सर्वसाधारण संकेत आहे. वीस गुणांवरून नऊवर आलेला रुग्ण आकड्यांच्या भाषेत प्रतिसाद देणारा ठरतो. तरीही त्याच्या आयुष्यात आजाराचा बराच भाग शिल्लक असतो. हा शिल्लक भाग दुर्लक्षिण्याजोगा नसतो, कारण अवशिष्ट लक्षणे राहिलेल्या रुग्णांमध्ये आजार उलटण्याचे प्रमाण पूर्ण बरे वाटणाऱ्यांपेक्षा अधिक असते. योग्य मात्रेत आणि पुरेशा काळासाठी दिलेली निदान दोन औषधे लागोपाठ अपुरी पडली, तर त्या अवस्थेला ‘उपचार-प्रतिरोधी नैराश्य’ म्हणण्याची पद्धत आहे.

या व्याख्येतील ‘योग्य मात्रेत’ आणि ‘पुरेशा काळासाठी’ हे दोन शब्दप्रयोग फार महत्त्वाचे आहेत, कारण प्रतिरोधी म्हणून गणले गेलेले कित्येक रुग्ण बारकाईने पाहिल्यास तसे नसतात. नैराश्यरोधक औषधाचा खरा कस लागायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात, आणि दोन ते चार आठवड्यांत काहीच हालचाल दिसली नाही तर पुढे यश मिळण्याची शक्यता कमी होते. या काळात मळमळ, लैंगिक इच्छेत घट किंवा ‘गोळ्यांची सवय लागेल’ या धास्तीने अनेक जण गोळ्या अधूनमधून घेतात आणि डॉक्टरांना ते संकोचाने सांगत नाहीत. काहींचे निदानच फेरविचार मागते. ज्याला पूर्वी कधी अतिउत्साहाचे, कमी झोपेतही दमणूक न जाणवण्याचे, बेफाम खर्चाचे काळ येऊन गेले आहेत, त्याचा आजार द्विध्रुवी, म्हणजे उदासी आणि उन्माद या दोन टोकांमध्ये हेलकावणारा असू शकतो, आणि त्याची औषधयोजना वेगळी असते. थायरॉइड ग्रंथीची मंद गती, रक्तक्षय, शाकाहारी आहारात विशेषतः उद्भवणारी बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, झोपेत श्वास अडकण्याचा विकार, नियमित मद्यपान, स्टेरॉइडसारखी अन्य औषधे, यांपैकी कोणतेही कारण नैराश्याचे औषध फिके पाडू शकते. घरातील हिंसा किंवा डोक्यावरचे कर्ज कायम असेल तर एकट्या गोळीकडून किती अपेक्षा करायची, हाही प्रश्न वैद्यकाच्या कक्षेतलाच आहे. ही चौकशी न करता दुसरे औषध जोडले तर मूळ कारण तसेच राहते आणि त्यावर नव्या दुष्परिणामांची भर पडते.

चौकशी पूर्ण झाल्यानंतर वैद्यापुढे मुख्यतः चार वाटा असतात: मात्रा वाढवणे, औषध बदलणे, दुसरे औषध जोडणे आणि मानसोपचाराची, म्हणजे संवादातून होणाऱ्या पद्धतशीर उपचाराची जोड देणे. पहिली वाट सर्वांत सोपी दिसते, पण तिला लवकरच मर्यादा पडते. मेंदूच्या पेशींदरम्यान निरोप पोहोचवणाऱ्या सेरोटोनिन या रसायनाचे पुनर्शोषण रोखणारी औषधे, जी एसएसआरआय या नावाने ओळखली जातात, त्यांचा लाभ मध्यम मात्रेपर्यंत वाढतो आणि त्यापुढे जवळजवळ सपाट होतो. दुष्परिणाम मात्र वाढतच राहतात. पहिल्या औषधाचा काहीही गुण आला नसेल किंवा ते सोसत नसेल, तर बदल करणे सयुक्तिक ठरते. थोडा गुण आला आहे आणि औषध सोसतही आहे, अशा रुग्णाच्या बाबतीत मात्र मिळालेले गमावण्याचा धोका पत्करण्याऐवजी त्यावर भर घालणे अधिक शहाणपणाचे मानले जाते. या भर घालण्याचे दोन प्रकार आहेत. दोन नैराश्यरोधके एकत्र देणे याला ‘संयोग’ म्हणता येईल. आणि जे औषध मुळात नैराश्यरोधक नाही, ते पहिल्याचा प्रभाव वाढवण्यासाठी जोडणे याला ‘संवर्धन’. मधातून किंवा तुपातून औषध घेण्याची अनुपानाची कल्पना मराठी वाचकाला परिचित आहे आणि मुख्य औषधाला साहाय्य करणाऱ्या पदार्थाचे तत्त्व तेथेही दिसते. फरक इतकाच की संवर्धनातील दुसरे द्रव्य स्वतःच प्रभावी आणि प्रसंगी धोकादायक औषध असते.

संवर्धनाचा पहिला ठळक प्रयोग थायरॉइडच्या संप्रेरकाचा होता. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातील आर्थर प्रांज यांनी १९६९ मध्ये इमिप्रामिन या जुन्या नैराश्यरोधकाबरोबर ट्राय-आयोडोथायरोनिन, म्हणजे टी-थ्री, अल्प प्रमाणात दिले असता विशेषतः स्त्री-रुग्णांमध्ये गुण लवकर येतो असे नोंदवले. थायरॉइडमध्ये दोष नसलेल्या रुग्णांनाही हा लाभ झाला, ही त्यातील लक्षवेधी बाब होती. दुसरा टप्पा लिथियमचा. जॉन केड या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी १९४९ मध्ये हा साधा क्षार उन्मादावर उपयुक्त असल्याचे दाखवले होते. १९८१ मध्ये मॉन्ट्रियल येथील क्लॉड द माँतिन्यी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, जुन्या पिढीतील ट्रायसायक्लिक औषधांना दाद न देणाऱ्या आठ रुग्णांना लिथियम जोडले आणि त्यांची उदासी ४८ तासांत हलकी झाल्याचे प्रसिद्ध केले. या प्रयोगामागे एक तर्क होता. दीर्घकाळ घेतलेल्या नैराश्यरोधकामुळे सेरोटोनिन ग्रहण करणाऱ्या पेशी अधिक संवेदनशील झालेल्या असतात. लिथियम सेरोटोनिन सोडणाऱ्या बाजूला चालना देते. म्हणून एका औषधाने तयार केलेल्या जमिनीवर दुसऱ्याचे पाणी पडावे तसा दोघांचा मिळून परिणाम होतो. नंतरच्या अनुभवात इतका झटपट गुण अपवादानेच आढळला आणि लिथियमला सामान्यतः काही आठवडे द्यावे लागतात असे दिसून आले. तरीही संवर्धनाची कल्पना तर्काच्या पायावर उभी राहिली ती याच प्रयोगामुळे.

तिसरा आणि आज सर्वाधिक वापरात असलेला टप्पा नव्या पिढीतील मनोविकृतिरोधक औषधांचा आहे. भ्रम व भास यांवर दिली जाणारी ही औषधे १९९९ च्या सुमारास छोट्या निरीक्षणांतून नैराश्याच्या उपचारात आली. पुढे अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने जोड-औषध म्हणून ॲरिपिप्राझोलला २००७ मध्ये, क्वेटियापिनच्या दीर्घप्रभावी रूपाला २००९ मध्ये, ब्रेक्सपिप्राझोलला २०१५ मध्ये आणि कॅरिप्राझिनला २०२२ मध्ये मान्यता दिली. चिठ्ठीवरचे नाव स्किझोफ्रेनियाच्या औषधाचे असले म्हणून निदान बदलले असे होत नाही, हे येथे स्पष्ट करणे आवश्यक आहे. नैराश्यासाठी ॲरिपिप्राझोल दिवसाला २ ते ५ मिलिग्रॅमपासून सुरू करतात, तर स्किझोफ्रेनियात नेहमीची मात्रा १० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक असते. हे औषध डोपामिन या उत्साह व प्रेरणेशी संबंधित रसायनाच्या ग्राहकांवर अंशतः काम करते. जेथे डोपामिनचा जोर कमी आहे तेथे थोडी चालना देते आणि जेथे जास्त आहे तेथे लगाम घालते. क्वेटियापिनचा परिणाम सेरोटोनिनच्या ग्राहकांवर आणि नॉरएपिनेफ्रिन या रसायनाच्या पुनर्शोषणावरही होतो, आणि त्याच्या गुंगी आणणाऱ्या गुणामुळे निद्रानाश व चिंता अधिक असलेल्या रुग्णांना ते निवडले जाते. मात्र औषध नेमके कोणत्या मार्गाने मन हलके करते याची पूर्ण उकल झालेली नाही. वरील स्पष्टीकरणे ही कामचलाऊ प्रारूपे आहेत.

लाभ किती, हे जोखण्यासाठी निष्क्रिय गोळीशी केलेली तुलना लागते, कारण दुसरी गोळी सुरू झाल्याची आशा, वाढलेले लक्ष आणि काळाचा ओघ यांनीही काही जण सुधारतात. क्रेग नेल्सन आणि जॉर्ज पापाकोस्तास यांनी २००९ मध्ये अशा १६ चाचण्यांतील ३,४८० रुग्णांची माहिती एकत्र केली, तेव्हा मनोविकृतिरोधक औषध जोडलेल्यांपैकी सुमारे ३१ टक्के आणि निष्क्रिय गोळी जोडलेल्यांपैकी सुमारे १७ टक्के रुग्ण लक्षणमुक्त झाल्याचे दिसले. शंभर रुग्णांना हे औषध दिले तर सतरा जण तसेही बरे झाले असते, औषधामुळे आणखी तेरा-चौदा जणांची भर पडली आणि उरलेल्या सुमारे सत्तर जणांना लक्षणमुक्ती मिळाली नाही, असा याचा अर्थ होतो. वैद्यकातील अनेक मान्यताप्राप्त उपचारांच्या तुलनेत हा लाभ नगण्य नाही, परंतु ‘दुसरी गोळी घेतली की काम झाले’ अशी खात्री देण्याइतका मोठाही नाही. शिवाय लक्षणांचे गुण घटले तरी एकंदर जीवनमानात पडणारा फरक त्या मानाने कमीच असतो, याकडे २०१३ च्या एका विश्लेषणाने लक्ष वेधले आहे.

बदलणे बरे की जोडणे बरे, या प्रश्नाचा सर्वांत गाजलेला शोध ‘स्टार-डी’ या नावाच्या अमेरिकी प्रकल्पाने घेतला. जॉन रश यांच्या नेतृत्वाखाली ४,०४१ रुग्णांना प्रथम सिटालोप्राम दिले गेले आणि २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पहिल्या पायरीवर साधारण एक तृतीयांश रुग्ण लक्षणमुक्त झाले. दुसऱ्या पायरीवर औषध बदललेल्यांत हे प्रमाण सुमारे २५ टक्के, तर ब्युप्रोपिऑन किंवा ब्युस्पिरोन जोडलेल्यांत सुमारे ३० टक्के होते. तिसऱ्या पायरीवर टी-थ्री जोडलेल्यांत ते जवळपास २५ आणि लिथियम जोडलेल्यांत १६ टक्क्यांवर आले, आणि हा फरक संख्याशास्त्रीय कसोटीला पुरेसा नव्हता. या आकड्यांवरून ‘जोडणे श्रेष्ठ’ असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरते. बदल हवा की जोड हवी यात रुग्णांना स्वतःची पसंती सांगण्याची मुभा होती आणि पहिले औषध सोसलेले, थोडे सुधारलेले रुग्ण स्वाभाविकपणे जोडीकडे गेले; म्हणजे दोन गट मुळातच सारखे नव्हते. निष्क्रिय गोळीचा गटही या प्रकल्पात नव्हता. चारही पायऱ्या मिळून ६७ टक्के रुग्ण बरे होतात हा त्यातील आकडा कोणीही उपचार मध्येच सोडत नाही असे गृहीत धरून काढलेला होता, आणि मूळ माहितीचे २०२३ मध्ये झालेले पुनर्विश्लेषण तो सुमारे ३५ टक्क्यांवर आणते. जितक्या अधिक पायऱ्या लागल्या तितका आजार उलटण्याचा संभव वाढला, हा त्या प्रकल्पातील निष्कर्षही तितकाच बोलका आहे.

चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे रुग्णांची वाटणी करणाऱ्या पुढील चाचण्यांनी चित्र अधिक नेमके केले. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या ३५ रुग्णालयांत १,५२२ रुग्णांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बारा आठवड्यांनंतर ब्युप्रोपिऑनवर बदललेल्यांपैकी २२.३ टक्के, ब्युप्रोपिऑन जोडलेल्यांपैकी २६.९ टक्के आणि ॲरिपिप्राझोल जोडलेल्यांपैकी २८.९ टक्के लक्षणमुक्त झाले. साठ वर्षांवरील रुग्णांच्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीतही हेच दोन जोड-उपचार २८ ते २९ टक्क्यांवर आणि बदलाचा गट १९ टक्क्यांवर राहिला. मात्र ब्युप्रोपिऑन जोडलेल्या वृद्धांमध्ये पडण्याचे प्रमाण सर्वाधिक होते. ज्या वयात एका पडण्याने खुब्याचे हाड मोडून माणूस अंथरुणाला खिळतो, त्या वयात ही बाब औषधाच्या गुणाइतकीच विचारात घ्यावी लागते. प्रत्येक जोड फायद्याची असते असेही नाही. इंग्लंडमधील कुटुंबवैद्यांकडील ४८० रुग्णांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत चालू औषधाला मिर्टाझापिन जोडल्याने रुग्णाला जाणवेल असा लाभ दिसला नाही, दुष्परिणाम मात्र वाढले. सुरुवातीपासूनच दोन औषधे एकदम देऊन पाहणाऱ्या, ६६५ रुग्णांच्या २०११ मधील चाचणीतही एकाच औषधापेक्षा जोडी सरस ठरली नाही. दुसरे औषध ही गरज निर्माण झाल्यावर उचलायची पायरी आहे, हे त्यातून स्पष्ट झाले.

या लाभाची किंमत औषधागणिक वेगळी असते. लिथियमची उपयुक्त पातळी आणि विषारी पातळी यांत अंतर फार कमी असल्याने, शेवटच्या मात्रेनंतर बारा तासांनी रक्त घेऊन ती पातळी तपासतात आणि संवर्धनासाठी ती सहसा लिटरमागे ०.६ ते ०.८ मिलिमोल राखली जाते. मूत्रपिंड, थायरॉइड आणि कॅल्शियम यांच्या तपासण्याही नियमित लागतात. शरीरातील पाणी व मीठ घटले की लिथियम साचते, म्हणून कडक उन्हाळा, जुलाब, निर्जळी उपवास किंवा रक्तदाबासाठी एकाएकी तोडलेले मीठ या गोष्टी अशा रुग्णासाठी साध्या राहत नाहीत. अंगदुखीसाठी दुकानातून परस्पर आणलेली आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकची गोळी आणि रक्तदाबावरील काही औषधेही ही पातळी वाढवतात. हाताचा ठळक कंप, उलट्या, जुलाब, झोकांडी जाणे, जीभ जड होणे ही विषबाधेची चिन्हे असून तेव्हा गोळी थांबवून तातडीने रुग्णालय गाठावे लागते. मनोविकृतिरोधक औषधांमुळे वजन, रक्तातील साखर आणि चरबी वाढू शकते, आणि मधुमेहाचे प्रमाण मुळातच मोठे असलेल्या भारतीय समाजात सुरुवातीचे वजन, कमरेचा घेर आणि साखर नोंदवून ठेवणे हे उपचाराचे अंगच समजले पाहिजे.

ॲरिपिप्राझोलचा एक दुष्परिणाम विशेष समजून घेण्याजोगा आहे. त्याला अकॅथिसिया म्हणतात. यात माणसाला एका जागी बसवत नाही, पाय सारखे हलवावेसे वाटतात, आतून कासाविशी होते. घरच्यांना आणि कधी कधी डॉक्टरांनाही आजारच बळावल्यासारखे वाटते, मग मात्रा वाढवली जाते आणि त्रास आणखी वाढतो; वास्तविक मात्रा कमी केल्यास तो बहुधा ओसरतो. दोन औषधांच्या परस्परक्रियेचाही येथे संबंध येतो. फ्लुओक्झेटिन आणि पॅरोक्झेटिन ही औषधे यकृतातील ज्या विकराचे काम मंदावतात, त्याच विकराने ॲरिपिप्राझोलचे विघटन होते. त्यामुळे ही जोडी असेल तर ॲरिपिप्राझोलची मात्रा साधारण निम्म्यावर ठेवावी लागते. फिट येण्याचा इतिहास असलेल्यांना ब्युप्रोपिऑन टाळतात. या सर्व कारणांमुळे मधुमेह, सांधेदुखी किंवा अन्य पद्धतीची जी औषधे चालू असतील, त्यांची संपूर्ण यादी मनोविकारतज्ज्ञांसमोर ठेवणे ही रुग्णाच्या बाजूची मोठी जबाबदारी ठरते.

जोड ही गोळीचीच असली पाहिजे असेही नाही. इंग्लंड व स्कॉटलंडमधील ४६९ रुग्णांवर झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, औषध अपुरे पडलेल्यांना औषधाबरोबर बोधात्मक वर्तनोपचार दिला. विचारांच्या ठरावीक साच्यांची आणि टाळाटाळीच्या सवयींची तपासणी करून त्या पायरीपायरीने बदलणारी ही पद्धत आहे. सहा महिन्यांनी या गटातील ४६ टक्के रुग्णांनी प्रतिसाद दिला, तर नेहमीच्या उपचारावरील गटात हे प्रमाण २२ टक्के होते. वजन न वाढवणारी ही जोड आहे; अडचण आहे ती प्रशिक्षित माणसांच्या तुटवड्याची. आजार अतितीव्र असेल, रुग्ण खाणेपिणे सोडत असेल किंवा आत्महत्येचा धोका निकट असेल, तर जोड-औषधांच्या प्रयोगांत आठवडे न घालवता भूल देऊन केल्या जाणाऱ्या विद्युत-उपचाराचा विचार होतो. अमेरिकेत २०१९ मध्ये मान्यता मिळालेला एस्केटामिनचा नाकातील फवाराही प्रतिरोधी नैराश्यासाठी असून, तो घेतल्यावर रुग्णाला दोन तास देखरेखीखाली ठेवावे लागते.

बेंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दर वीस भारतीयांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्याने गाठल्याचे आढळले. त्यांतील बहुसंख्य पहिल्या गोळीपर्यंतही पोहोचत नाहीत, आणि जे पोहोचतात त्यांच्यापैकी अनेकांना तज्ज्ञाकडे वारंवार जाणे परवडत नाही. अशा व्यवस्थेत एकदा लिहिलेले दुसरे औषध जुनीच चिठ्ठी दाखवून वर्षानुवर्षे आणले जाते; ते का सुरू केले होते हे रुग्ण विसरतो आणि नव्या डॉक्टरला ते काढण्याचे धाडस होत नाही. याउलट घरच्यांच्या दडपणाने ते एकाएकी बंद करून आजार ओढवून घेण्याचे प्रकारही घडतात. लक्षणमुक्तीनंतर मूळ नैराश्यरोधक निदान सहा महिने, आणि आजार वारंवार उलटत असेल तर त्याहून अधिक काळ चालू ठेवणे योग्य मानतात. जोड-औषध किती काळ ठेवायचे हे त्याचा लाभ, दुष्परिणाम आणि पूर्वेतिहास पाहून ठरते, आणि काढायचे झाल्यास ते देखरेखीखाली हळूहळू काढले जाते. मधल्या काळात मन फार खचले किंवा जीव नकोसा झाला, तर केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेशी १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य बोलता येते.

दुसऱ्या गोळीचा हिशेब त्यामुळे ती सुरू होते त्याच दिवशी मांडायला हवा. कोणती लक्षणे शिल्लक आहेत म्हणून ती दिली, आजचे गुण, वजन आणि साखर किती, चार ते सहा आठवड्यांनी काय सुधारले तर ती राहील आणि काय न सुधारल्यास ती जाईल, या तीन ओळी चिठ्ठीच्या मागे लिहिल्या गेल्या, तर पुढच्या भेटीत डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही आठवणीवर विसंबावे लागत नाही. शंभरांतील ज्या तेरा-चौदा जणांना त्या गोळीने खरोखर तारले ते तिच्यावर राहतात, आणि बाकीच्यांना निष्फळ औषधाचे ओझे वाहण्याऐवजी पुढच्या उपायाकडे वेळेवर वळता येते.